पर्वतीचा गेंडा, सुप्याचा चिंकारा

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात पुण्यातल्या एका गेंड्याचं चित्र आहे. साल १७९०. चित्रकार गंगाराम तांबट, आपल्या पुण्याचाच. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रं काढत असे. वेरूळची लेणी त्यानं काढली, तालमीतले पहिलवान काढले आणि सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातला हा गेंडाही काढला. पर्वतीच्या पायथ्याशी हा शिकारखाना होता. गेंडा हे हिमालयाच्या पायथ्याकडचं, ओल्या गवताळ रानातलं जनावर. ते एवढ्या दूर, पर्वतीच्या कोरड्या उतारावर आणून ठेवलं होतं, यातच त्या काळच्या हौसेची आणि ऐपतीची कल्पना येते.

या चित्रापासून सुरुवात करण्याचं कारण आहे. दूरदेशीचं जनावर आणून पाहायचं ही पुण्याची आवड सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यात वाईट काही नाही. पण पुणे जिल्ह्याच्या स्वतःच्या रानात, माळावर आणि उसाच्या फडात जे प्राणी राहतात, त्यांच्याकडे वळायला आपल्याला फार उशीर होतो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघ-सिंह पाहिलेली पण चिंकारा कधीच न पाहिलेली मुलं आपल्या घराघरांत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत प्राणी पाहायला निघायचंच असेल, तर कात्रजपासून निघावं आणि पुढे जात राहावं, असं मला मनापासून वाटतं.

पर्वतीजवळच १९५३ साली महापालिकेनं पेशवे पार्क सुरू केलं. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पुणेकरांनी पहिला वाघ तिथेच पाहिला, आणि १९५६पासून धावणाऱ्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसण्यासाठी रांगाही तिथेच लावल्या. पण जागा अवघी सातेक एकर. भोवती वाढतं शहर, वाहनांचा गोंगाट आणि लहान पिंजऱ्यांत येरझारा घालणारी जनावरं. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांना नियम लागू झाले. प्राण्याला किती जागा हवी, रात्रीचा निवारा कसा असावा, पशुवैद्य आहे की नाही, हे सगळं पाहिलं जाऊ लागलं. जुन्या चालीची प्राणिसंग्रहालयं या कसोटीला उतरणं कठीण होतं. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ साली लोकांसाठी उघडलं आणि पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्यानं तिकडे गेले. पेशवे पार्कात आता ऊर्जा उद्यान आहे. फुलराणी मात्र तिथेच राहिली.

कात्रजचा पसारा सुमारे १३० एकरांचा, आणि त्यात तलावही आला. तिथे आधीपासून होतं ते सर्पोद्यान. त्याची गोष्ट नीलिमकुमार खैरे यांच्यापासून सुरू होते. १९८० साली पुण्यात ते एका काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर ७२ तास राहिले. साप उगीच अंगावर येत नाही, तो घाबरला किंवा डिवचला गेला तरच चावतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. पुण्याच्या घराघरांतून पकडलेले साप, जखमी पक्षी, आईपासून दुरावलेली पिल्लं तिथे येऊ लागली आणि प्राण्यांचं अनाथालयही त्याला जोडलं गेलं.

माझ्या मते कात्रजचा सर्वांत उपयोगी भाग आजही हाच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मुलांना या चौघांसमोर निवांत उभं करावं. मण्यारीच्या काळ्या अंगावरचे पांढरे आडवे पट्टे, घोणसीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगा, फुरशाचा जेमतेम हातभर आकार नीट दाखवावा. मग शेजारची धामण दाखवावी. नाग समजून आपल्याकडे सर्वांत जास्त मारली जाते ती बिनविषारी धामणच, आणि शेतातले उंदीर खाते तीही धामणच. ही एक ओळख पक्की झाली तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समजावं.

कात्रज बुधवारी बंद असतं. रविवारी दुपारी जाऊ नये. गर्दीच्या आवाजानं प्राणी आडोशाला जाऊन बसतात, आणि मग काचेवर थापा मारणं, शिट्ट्या घालणं, खडे टाकणं सुरू होतं. वडीलधाऱ्यांनीच हे करावं आणि मुलांनी पाहावं, यासारखं वाईट दृश्य नाही. सकाळी दार उघडताच आत शिरावं, एका खंदकापाशी पंधरा-वीस मिनिटं थांबावं आणि प्राणी काय करतो ते पाहावं. सगळे पिंजरे एका फेरीत उरकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

कात्रजला बिबट्याही आहे. पण बिबट्याची खरी हकिगत कळते ती जुन्नरकडे. माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगा, वडज अशा धरणांनी हा तालुका आणि आसपासचा भाग बागायती केला. पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला. वर्ष-दीड वर्ष शेतात उभं राहणारं हे पीक बिबट्याला लपायला दाट आडोसा देतं, आणि वस्त्यांवरची कुत्री, शेळ्या, वासरं ही त्याची शिकार. माद्या उसातच वितात. त्यांच्या पिल्लांनी डोंगरातलं रान पाहिलेलंच नसतं. साहजिकच ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. अशा वेळी वनखात्याचे लोक पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. जमाव लांब राहिला तरच हे साधतं.

माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. २००७पासून वनखातं आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था मिळून ते चालवतात. विहिरीत पडलेले, रस्त्यावर जखमी झालेले, पुन्हा सोडता न येणारे बिबटे तिथे आहेत. हे सहलीचं ठिकाण नव्हे, आणि नसावंही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ज्यांच्या अंगणात हे घडलं त्यांना शहरातून प्राणिप्रेमाचे धडे देणं मला पटत नाही. पण ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ हा सोपा वाटणारा उपाय फसतो, हेही याच भागानं शिकवलं. २००१नंतरच्या काही वर्षांत जुन्नरमधून अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. अभ्यासक विद्या अत्रेया यांनी या काळाचा पाठपुरावा केला, तेव्हा अशा स्थलांतरानं माणसांवरचे हल्ले कमी न होता उलट वाढल्याचं दिसलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर परतीची वाट शोधतं आणि त्या वाटेवर माणसाशी गाठ पडते. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ २००९ साली विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला त्यांनी गळपट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. तो चालत चालत सुमारे १२० किलोमीटरवरच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. ‘आजोबा’ हे त्याचं नाव. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. २०११च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेनं तो मेला होता.

जुन्नरहून दक्षिणेला भीमाशंकर. १९८५ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं जंगल पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. शेकरू इथलं, आणि तेच महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी अंग, पिवळसर पोट, झुपकेदार लांब शेपूट. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर झेपा घेतच हिंडतं. म्हणून झाडांचे शेंडे एकमेकांना टेकलेलं सलग रान त्याला लागतं. मध्ये रस्ता रुंद झाला की त्याची वाट तुटली. काटक्या-पानांचं गोल घरटं ते बांधतं, तेही एक नाही, अनेक. त्यामुळे घरटी मोजून शेकरं मोजता येत नाहीत. शेकरू पाहायचं असेल तर श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळून जावं. देवळाच्या पायऱ्यांपेक्षा आहुप्याच्या बाजूचं रान, महादेव कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या देवराया, या शांत जागा आहेत. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्यावा. त्याला झाडही कळतं आणि त्या झाडाची कहाणीही.

आता माळ. इथे मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण पुण्याच्या पूर्वेकडची ही कोरडी, पिवळी भूमी आपण जंगलात धरतच नाही. सोलापूर रस्त्यानं चौफुल्याला यावं आणि मोरगावच्या दिशेनं वळावं. वाटेत सुपे लागतं, शहाजीराजांच्या जहागिरीतल्या पुणे-सुपे परगण्यांतलं. तिथेच मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, क्षेत्र फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत चिंकारा राहतो, लांडगा येतो, कोल्हे आहेत, खोकड आहे, तरस आहे.

चिंकारा म्हणजे वीस-पंचवीस किलोचं नाजूक हरीण. काळविटाची मादी बहुधा बिनशिंगाची असते, चिंकाऱ्यात मादीलाही शिंगं असतात. तो मोठे कळप करत नाही, दोन-चार जणांतच असतो. कितीतरी दिवस तो पाण्यावाचून राहू शकतो. पाल्यातला ओलावा आणि पहाटेचं दव त्याला पुरतं. दुष्काळी मुलखाला इतकं साजेसं दुसरं मोठं जनावर आपल्याकडे नसेल. दिवाळीनंतर कुसळी आणि पवन्या गवत वाळून सोनेरी होतं, तेव्हा सकाळच्या उन्हात त्याच रंगाचा चिंकारा समोर उभा असूनही दिसत नाही. शेपटी हलते तेव्हा दिसतो. दुर्बीण न्यावीच, आणि कुसळं कपड्यांत शिरणार याची तयारी ठेवावी.

इंग्रजी अमदानीपासून सरकारी दप्तरात अशा गवताळ जमिनींवर ‘पडीक’ हा शिक्का बसला. सारा देत नाही ती जमीन वाया, असा हिशेब. मग तिथे कारखाने आले, प्लॉट पडले, आणि चांगल्या हेतूनं झाडंही लावली गेली. माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की गवत जातं, आणि गवतावर जगणारं सगळंच जातं. धनगरांची मेंढरं, त्यांच्या मागावर असणारा लांडगा, टिटवी, धाविक, भट तित्तीर ही माणसं-जनावरं एकाच गवताच्या आधारानं जगत आली आहेत. लांडग्यानं कोकरू उचललं तर धनगराचं नुकसान खरंच होतं, तरीही शेकडो वर्षं दोघं याच माळावर आहेत. आता निदान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. माळ पाहायला लोक पैसे देऊन येतात, हे गावकऱ्यांना दिसू लागलं याचा मला आनंद आहे.

माळ गेला की काय होतं ते सोलापूरजवळच्या नान्नजला कळतं. सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोक पक्ष्यांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ साली अभयारण्य झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सुप्याचं अभयारण्य पाच चौरस किलोमीटरचं, हे त्याच्या सोळाशे पटींहून मोठं! त्यात गावं होती, शेती होती, शहरं होती. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांच्या मनात त्या बिचाऱ्या पक्ष्याविषयी राग साठला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळढोक जवळपास संपला होता. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी. त्याला नकाशावरची मोठी रेघ नको होती, निवांत राखलेलं गवत हवं होतं. नान्नजला आज काळवीट आणि लांडगे आहेत, आणि तेवढ्यासाठीही जावं. काळविटांसाठी कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी जवळ पडतं. १९८० सालचं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं.

परतीच्या वाटेवर भिगवण. हे अभयारण्य नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. पाणी उतरलं की ते अजून वर येतं. त्याच उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, चित्रबलाक येतात, हिमालय ओलांडून पट्टेरी राजहंस येतात. कुंभारगावचे मासेमार होडीतून पक्षी दाखवतात, नावंही अचूक सांगतात. छायाचित्रासाठी थवा उडवायला त्यांना सांगू नये. पक्षी खात असतात, आणि उडण्यात त्यांची शक्ती जाते. जेवायला गावातच थांबावं. मासे ताजे असतात आणि पैसा गावात राहतो.

रानातला प्राणी कधी शहरातही येतो. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी एक गवा दिसला. कात्रजच्या कठड्याशी उभं राहून गवा पाहिलेलं हे शहर, पण त्या दिवशी लोक मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावले. तो बिथरला, भिंतींवर, फाटकांवर धडकला, तासन्‌तास पळत राहिला. बेशुद्ध करून त्याला पकडलं गेलं आणि त्याचा जीव गेला. साऱ्या शहराला ते लागलं. पंधरवड्याच्या आत, २२ डिसेंबरला, बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला. या वेळी वनखातं आणि पोलिसांनी आधी बघ्यांना लांब ठेवलं, रस्ता रोखला, जाळ्या लावून वस्तीची बाजू बंद केली आणि डोंगराची बाजू मोकळी सोडली. काही तासांत तो आपल्या पायांनी रानाकडे निघून गेला.