रिसेप्शनच्या बँडला पैसे कशाचे द्यायचे?

गोव्यात ख्रिस्ती लग्न ठरलं की हॉलपाठोपाठ बघितला जातो तो बँड. डीजे स्वस्तात येतो, मूळ गाणं मूळ आवाजात ऐकवतो, त्याला जागाही कमी लागते. मग पाच-सहा वादकांचे पैसे कशासाठी मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गाण्यांच्या यादीत मिळत नाही, कारण यादी दोघांची सारखीच असू शकते. बँडला पैसे द्यायचे ते समोरच्या माणसांकडे बघून वाजवण्याचे.

ग्रँड मार्चमध्ये हे सर्वांत चांगलं दिसतं. वधू-वर पुढे आणि मागे जोडीजोडीने पाहुणे. रांग हॉलभर फिरते, डावी-उजवीकडे दुभंगते, पुन्हा एकत्र येताना चौघा-चौघांची होते. याला किती वेळ लागेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. नवरी गाऊनचा घोळ सावरायला थांबते, एखादी आजी नातवाचा हात धरून मध्येच रांगेत शिरते. रांगेचं शेपूट अजून दारापाशी असेल तर बँडलीडर नुसत्या मानेने खुणावतो आणि आधीचा तुकडा पुन्हा घेतला जातो; ड्रमर रोल देतो आणि चालणाऱ्यांना सांधा कळतही नाही. वधू-वर जागेवर पोचताच मार्च तिथेच संपतो, वॉल्ट्झ सुरू होतो. त्या घटकेला हॉलमधला सर्वांत जबाबदार माणूस हा ड्रमर असतो, असं माझं मत आहे. त्याची नजर स्वतःच्या हातांवर नसते, नाचणाऱ्यांच्या पावलांवर असते. वयस्क जोडपी उठली की तो लय किंचित उतरवतो. शेवटच्या कोंकणी गाण्यांच्या ‘मसाल्या’त तीच लय चढत्या भाजणीने नेतो. डीजेही गर्दी ओळखून गाणी बदलतो, हे खरंच. पण चालू गाण्याच्या आत शिरून पाहुण्यांसाठी ते वाकवणं बँडलाच जमतं.

या कौशल्याची मुळं पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या पॅरिश शाळांत आहेत. तिथे मुलं सूर नावाने म्हणत नोटेशन वाचायला शिकत, मग हातात व्हायोलिन येई. याच तयारीवर गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

काळजी वाटते ती पुढची. आता बँडमधली माणसं कमी करून बास, ब्रास, कधी ड्रमसुद्धा लॅपटॉपमधून सोडले जातात. वादकांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: यजमान बजेट आवळतात, आवाज मात्र भरगच्च हवा असतो, दोघा-तिघांनी करायचं काय? तरीही रेकॉर्ड केलेला ट्रॅक एकदा सुरू झाला की त्याची लांबी आणि लय ठरून गेलेली असते. ड्रमरला मग पावलांकडे बघून उपयोग नसतो, त्याला लॅपटॉपच्या ठोक्याला बांधून राहावं लागतं. म्हणजे ज्यासाठी डीजेपेक्षा जास्त पैसे मोजले, नेमकं तेच हातचं जातं. कमाई कमी माणसांत वाटली जाते म्हणून असा बँड टिकतो, हेही मान्य. पण त्यात ट्रम्पेट शिकलेल्या पोराला जागा उरत नाही, आणि जागा नसेल तर घरचे त्याला ट्रम्पेट शिकवतील कशाला?

दुसरी अडचण घड्याळाची. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. शेजारच्या आजाऱ्याचा आणि परीक्षेच्या पोराचा विचार केला तर नियम योग्यच आहे. पण लॉनवर साडेआठला जमणाऱ्या लग्नात त्यामुळे टोस्ट, केक आणि मार्च उरकून नाचायला जेमतेम तासभर उरतो, आणि कापला जातो तो शेवटचा मसाला.

म्हणून बँड ठरवताना गाण्यांच्या यादीआधी दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष वाजवणारे हात किती, आणि लॅपटॉपमधून काय येणार. ड्रमर आणि निदान एक फुंकवाद्य जिवंत हवं, असा आग्रह धरा. सजावटीतले चार पैसे तिकडे वळवा. आणि लॉनवरचं लग्न असेल तर पत्रिकेत वेळ संध्याकाळी साडेसहाची घाला.