घर विकताना: कर्जमंजुरीची वाट आणि आपली प्रकृती

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. दवाखान्यात रुग्णांच्या तक्रारी ऐकताना मला वाटते, त्यात 'घर पाहावे विकून' हेही जोडायला हरकत नाही. सौदा ठरतो, इसार हातात पडतो, पेढेही वाटून होतात. मग घेणारा म्हणतो, "बँकेचे कर्ज मंजूर झाले की लगेच खरेदी करू." तेथून जी वाट पाहणे सुरू होते, ती कधी तीन आठवड्यांची, तर कधी तीन महिन्यांची. या काळात विकणाऱ्याच्या प्रकृतीचे काय होते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. म्हणून आजचा हा लेख.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण सांगतो. जुने घर विकून लेकीच्या गावी तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा त्यांचा बेत होता. तिकडे इसार देऊन झाला होता, इकडे घेणाऱ्याचे कर्ज अडले होते. एरवी एका गोळीवर १३०/८० राहणारा त्यांचा रक्तदाब त्या दिवशी १६४/९८ भरला. मी विचारले, "गुरुजी, गोळी चालू आहे ना?" ते म्हणाले, "गोळी चालू आहे डॉक्टर, झोप बंद आहे." रोज सकाळी ते घेणाऱ्याला फोन करीत आणि तो रोज 'उद्या होईल' म्हणे. बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशनही 'पैसे आले की करू' म्हणून लांबणीवर पडले होते.

वाचकहो, वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमी शरीराला जास्त छळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर दगड उलटण्याचा खेळ दिला होता. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा हलका झटका बसे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोकांना जेवढा ताण येई, त्याहून अधिक ताण 'बसेल की नाही' ही शक्यता निम्मी-निम्मी असताना येई. 'कर्ज होणार' आणि 'कर्ज होणार नाही' यांच्या मधोमध लटकलेल्या माणसाची स्थिती याहून वेगळी नसते.

अशा वेळी शरीर संकट आल्यासारखे वागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये जास्त सोडू लागतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. वाघ समोर आला तर पळायला हे उपयोगी. पण बँकेच्या फोनची वाट पाहत महिना-दीड महिना हेच चालले, तर झोप उडते, पित्त उसळते, चिडचिड वाढते आणि मधुमेह असणाऱ्याची साखर आटोक्याबाहेर जाते.

यावर पहिला उपाय औषधाचा नाही, माहितीचा आहे. बँकेत नक्की काय चालते ते समजून घ्या. बँक प्रथम घेणाऱ्याचे उत्पन्न, त्याची आधीची कर्जे आणि परतफेडीचा इतिहास पाहते. मग तुमच्या घराकडे वळते. बँकेचे वकील मालकीहक्काची, साधारणपणे ३० वर्षांची, कागदपत्रे तपासून सर्च रिपोर्ट देतात. व्हॅल्यूअर येऊन घराची किंमत ठरवतो. हे सर्व जमले की मंजुरीपत्र निघते. मात्र मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. त्यातल्या अटी पूर्ण झाल्यावर, दस्त नोंदणीच्या वेळी किंवा त्यानंतर, बँकेच्या पद्धतीप्रमाणे रक्कम मिळते. हा फरक माहीत नसल्याने कित्येकांची झोप मंजुरीनंतर पुन्हा उडते.

दुसरे गणित व्हॅल्यूएशनचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. समजा सौदा ६० लाखांना ठरला. घेणारा ४८ लाखांचे कर्ज धरून बसतो. बँकेने किंमत ५४ लाखच धरली, तर कर्ज फार तर ४३ लाख २० हजार मिळेल. वरचे ४ लाख ८० हजार त्याला स्वतः उभे करावे लागतील. तो टाळाटाळ करतो असे तुम्हाला वाटते, तेव्हा तो बिचारा कदाचित मेहुण्याकडे हात पसरत असतो.

काही अडचणी मात्र विकणाऱ्याच्याच कपाटात असतात. फेडलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर तसाच राहिलेला असतो, वडिलांच्या पश्चात वारसांची नोंद झालेली नसते, सोसायटीचा ना-हरकत दाखला घ्यायचा राहिलेला असतो. तुमच्या घरावर कर्ज असेल, तर बाकी रकमेचे पत्र बँकेकडून आधीच मागून ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत केले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

गुरुजींना मी गोळीचा डोस थोडा वाढवून दिला आणि एक सल्ला दिला: घेणाऱ्याला सोबत घेऊन एकदा बँकेत जा. बँक दुसऱ्याच्या कर्जाची माहिती तुम्हाला देणार नाही, पण तो सोबत असला तर घराच्या कागदांत काय कमी आहे ते सांगेल. तेथे उलगडा झाला की २० वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर तसाच होता. बोजा उतरवायला तलाठी कार्यालयात अर्ज गेला. दोन आठवड्यांनी गुरुजी आले तेव्हा मंजुरी आलेली नव्हती, तरी रक्तदाब १३६/८४ होता. नुसत्या गोळीने हे झाले असे मला वाटत नाही. काय अडले आहे आणि आपण काय करायचे, हे कळल्यावर त्यांना झोप लागू लागली होती.

आता पथ्य सांगतो. इसारपावतीतच कर्जासाठी मुदत लिहून घ्या आणि त्या तारखेपर्यंत कर्ज न झाल्यास मुदतवाढ की इसार परत, तेही लिहा. तारीख ठरली की मनाला काठ मिळतो. चौकशीचा फोन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी करा. खरेदी होईपर्यंत त्या पैशांच्या भरवशावर नवा वायदा करू नका. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. तंबाखूने मन शांत झाल्यासारखे वाटते, पण नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. रोज अर्धा तास चाला. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश, मिनिटाला साधारण सहा या गतीने श्वासोच्छ्वास करा. रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसा. तो पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. चालू औषध मनाने बंद करू नका, वाढवूही नका. मन फारच खचले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर शासनाची मोफत मदत मिळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या दिवसांत प्रत्येक दुखण्याला 'टेन्शन' हे नाव देऊ नका. छातीत दाब येणे, कळ हाताकडे वा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर पित्ताची गोळी घेऊन पडून राहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठून ईसीजी काढा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर कधी नुसता थकवा किंवा मळमळ एवढेच लक्षण असते. तसेच डॉक्टरांनी तातडीचे सांगितलेले उपचार खरेदीखताच्या तारखेला बांधून ठेवू नका. बाईंचे गुडघे महिनाभर थांबू शकतात, हृदय थांबू शकत नाही.

हा घेणारा गेला, तर दुसरा मिळेल. किंमत थोडी कमी येईल, सहा महिने जास्त लागतील. घराला पुन्हा गिऱ्हाईक येते. प्रकृतीचा सौदा मात्र एकदा फिसकटला की तो जुळवणे बँकेच्याही हातात नसते आणि डॉक्टरच्याही.