इलेक्ट्रॉनिक नोंदी : खर्च नेमका कुठे वाचतो?

कोरगावात दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टराला रुग्णाच्या हातातील प्लॅस्टिकची पिशवी चांगलीच परिचयाची असते. पेडण्याचा केसपेपर, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातील अहवाल, बांबोळीचे डिस्चार्ज कार्ड असा सारा इतिहास तिच्यात असतो. ती हरवली की तपासण्या नव्याने सुरू होतात.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी दम लागतो म्हणून माझ्याकडे आले. पिशवी सापडत नव्हती. मी रक्ताच्या तपासण्या आणि इकोकार्डिओग्राम लिहून दिला. आठ दिवसांनी पिशवी घरच्या माळ्यावर मिळाली. दोन महिन्यांपूर्वीच्या इकोचा निष्कर्ष तोच होता! तपासणीचे पैसे गेले, म्हापशाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि मुलाचा दोन दिवसांचा रोज बुडाला. त्यांनी तक्रार केली नाही. पण हा इको पूर्वी कुठे झाला होता का, एवढेही मी विचारले नव्हते, ही खंत मला आजही आहे.

जुनी नोंद समोर असल्याने निर्णय कसा बदलतो, याचे एक उदाहरण पाहू. रुग्णाचे सीरम क्रिएटिनिन १.८ आले. हा एकटा आकडा फारसे सांगत नाही. दोन वर्षांपूर्वीही ते तेवढेच असेल, तर औषधांची मात्रा बदलून बहुधा गावातच उपचार चालू ठेवता येतात. तीन महिन्यांपूर्वी ते ०.९ असेल, तर मात्र त्वरित बांबोळी गाठावी लागते. पहिल्या रुग्णाचा नाहक खर्च टळतो, दुसऱ्याचे मूत्रपिंड वाचण्याची शक्यता वाढते.

मात्र केवळ संगणक आणल्याने पैसे वाचत नाहीत. अमेरिकेत इंडियानापोलिस येथील एका इस्पितळात डॉक्टरांनी संगणकावर सूचना लिहिण्याचा प्रयोग झाला. सूचना लिहितानाच खर्चाचा आकडाही समोर येई. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रत्येक दाखल रुग्णामागील आकारणी सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली. डॉक्टरांचा वेळ मात्र अधिक खर्ची पडला. पुढे २००५ साली रँड या संशोधन संस्थेने अशा नोंदींमुळे अमेरिकेची वर्षाला ८१ अब्ज डॉलरची बचत होऊ शकेल, असा अंदाज मांडला. २०१३ मध्ये त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी ही अपेक्षा फळास आली नसल्याचे मान्य केले. एका इस्पितळाची प्रणाली दुसऱ्याशी बोलत नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. म्हणजे पिशवीची जागा बंद कपाटाने घेतली, इतकेच!

आपल्याकडे केंद्र सरकारने या नोंदींची मानके २०१३ साली जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी आभा क्रमांकाला निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी जोडता येतात आणि रुग्णाच्या संमतीनेच त्या दुसऱ्या डॉक्टरला पाहता येतात. ही संमती म्हणजे केवळ उपचार नव्हे. गाव लहान असते. क्षयरोगाची वा मनोविकाराची नोंद फुटली, तर होणारे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

मग आपण काय करावे? आजार, चालू औषधे, औषधांची ॲलर्जी, शस्त्रक्रिया आणि अलीकडच्या तपासण्या या पाच गोष्टी प्रत्येक रुग्णाबाबत प्रथम नोंदवाव्यात. दाखल रुग्णाच्या नोंदी मागणी झाल्यास ७२ तासांत देणे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार आपल्यावर बंधनकारक आहेच. नागरिकांनीही आपल्या अहवालांची छायाचित्रे मोबाईलमध्ये जपून ठेवावीत. आणि आम्हा डॉक्टरांनी नवी तपासणी लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे, 'ही आधी कुठे झाली आहे का?' हा प्रश्न विचारण्याची सवय नसेल, तर कितीही महागडी प्रणाली रुग्णाचा एक रुपयाही वाचवू शकणार नाही.