सागाची फाशांची पेटी

फासे ठेवायची पेटी वऱ्हाडात करायची तर लाकूड सागाचेच घ्यावे. मेळघाटात सागाचे जंगल आहे आणि त्याच्या पायथ्याचे परतवाडा लाकडाच्या बाजारासाठी ओळखले जाते. जुन्या वाड्याच्या चौकटीतला मुरलेला साग मिळाला तर फारच उत्तम; रंधा मारण्याआधी त्यातले खिळे मात्र शोधून काढावेत.

कथाखेळांना, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळांना, सात फाशांचा संच लागतो. ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा प्रत्येकी एक, १० बाजूंचे दोन. आतून १२ बाय ८ सेंटिमीटर आणि ३ सेंटिमीटर खोल पेटीत तो सहज मावतो. फळी ८ मिलिमीटरची पुरते.

खरी कसोटी हवामानाची. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, मग पावसाळ्याची दमट हवा येते. लाकूड रेषांच्या आडवे आकसते-फुगते, लांबीत जवळपास नाही. म्हणून तळाची फळी चिकटवू नये; चारही बाजूंच्या खाचेत मोकळी बसवावी आणि कडेला मिलिमीटरभर जागा सोडावी. चिकटवली तर ती तडकते. कोपऱ्यांना खाचा पाडून डिंक लावावा, पण सागात तेल असल्याने सांधा आधी थिनरने पुसावा. सागातल्या सिलिकामुळे पटाशी लवकर बोथट होते, तिला वरचेवर धार लावावी.

झाकणाला आतून बनातीचा तुकडा लावला की तेच फासे टाकायचे तबक होते. आवाज दबतो, कडा टवके जाण्यापासून वाचतात. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नयेत, ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवावीत.