पाळण्यावर चिऊ-काऊची गोष्ट



मागच्या महिन्यात एका गटाच्या मीटिंगला गेले होते. बचत जमा झाली, वही लिहून झाली, तरी एक मावशी काही उठेनात. लेक बाळंतपणाला आलेली, घरी दोन महिन्यांची नात. पिशवीतून रंगीत फेल्टचे तुकडे काढून म्हणाल्या, "मॅडम, पाळण्यावर टांगायचं मोबाईल करायचंय." मला वाटलं फोनबद्दल बोलतायत! त्या टांगत्या, फिरत्या खेळण्यालाही मोबाईलच म्हणतात. आपल्याकडे पाळण्यावर चिमण्या टांगायची रीत जुनीच आहे. मावशींना त्यात चिऊ-काऊची अख्खी गोष्ट हवी होती. म्हणजे मेणाचं घर, शेणाचं घर, ढग आणि पाऊस.

फेल्ट हे न विणलेलं, धागे दाबून केलेलं जाड कापड. कापलं तरी कडेचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कड दुमडायला लागत नाही. खडूने आकार काढा, एकसारखे दोन तुकडे कापा, मध्ये थोडा कापूस घाला आणि कडेने काज टाका घ्या. कापूस उन्हात वाळवलेला घ्या, ओलसर राहिला तर पावसाळ्यात कुबट वास येतो.

आता गंमत बघा. आपण उभ्याने बघतो तेव्हा चिऊ छान दिसते. बाळ मात्र खाली झोपलेलं असतं, त्याला दिसते फक्त चिऊच्या पोटाची कड. म्हणून दोरा डोक्याला नाही, पाठीला दोन ठिकाणी बांधा, म्हणजे पोट खाली येईल. चोच, डोळे, पंख पोटाच्या बाजूला भरा. घरंसुद्धा आडवी टांगा, दार खाली. तान्ह्या बाळाला साधारण वीतभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं आणि फिके रंग कळत नाहीत. काळा कावळा, पांढऱ्या पोटाची चिमणी, लालभडक दार असं ठळक करा. गुलाबी-आकाशी आपल्याला आवडतं, बाळाला नाही.

वर लाकडी भरतकामाची रिंग घ्या. तिला चार बाजूंनी सारखे दोरे बांधून वर एक गाठ मारा. आधी रिकामी रिंग टांगून ती सपाट राहते का बघा. मग चिऊसमोर काऊ, मेणाच्या घरासमोर शेणाचं, मध्ये ढग. एक बाजू झुकली तर जड वस्तू थोडी आत सरकवा.

आता जरा थांबून वाचा. मावशींनी डोळ्यांना काळे मणी चिकटवले होते. मी चिऊ हातात घेतली, थोडं ओढलं, तर मणी माझ्या तळहातावर! तो नातीच्या मुठीत पडला असता तर सरळ तोंडात गेला असता. मणी, टिकल्या, बटणं, घुंगरू काही नको, डोळे दोऱ्यानेच भरा. प्रत्येक गाठ जोर लावून ओढून बघा. खाली सोडलेले दोरे सात इंचांपेक्षा लांब नकोत, गळ्यात अडकतात. बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, आढ्याला किंवा पक्क्या हुकाला बांधा. झोळीच्या कापडाला बांधू नका, झोक्याबरोबर खाली येईल. आणि बाळ हातावर जोर देऊन उठायला लागलं, किंवा पाच महिन्यांचं झालं, की काढून ठेवायचं. नात हिरमुसली तरीही.

मावशींनी सगळे मणी उसवले, थोड्या रागानेच. दोन दिवसांनी फोन आला, नात काऊकडेच बघते म्हणे, चिऊकडे नाही. मला तर बरंच वाटलं. गोष्टीत बिचाऱ्याला पावसात दाराबाहेर किती वेळ थांबवतात!

दोघी-तिघींनी विचारलं, "हे विकता येईल का?" घरच्या नातवंडासाठी करायला काहीच अडचण नाही. विकायचं असेल तर मात्र 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा ऑर्डर घेण्याआधी कारागीर ओळखपत्राचं बघू. ज्यांना ते काढायचंय त्यांनी पुढच्या मीटिंगला आधार कार्ड आणि स्वतः केलेला एक नमुना घेऊन या. गाठी मी ओढून बघणार आहे.