भीतीचा माग काढणारे कथाकार

पॅरिसमधल्या एका घराच्या चौथ्या मजल्यावर मायलेकींचा भीषण खून होतो. दार आतून बंद. जिन्यावर धावलेल्या शेजाऱ्यांना आतून एक कर्कश आवाज ऐकू आलेला असतो. डच साक्षीदाराला तो फ्रेंच वाटतो, इंग्रजाला जर्मन, स्पॅनिश माणसाला इंग्रजी. प्रत्येक जण स्वतःला न येणाऱ्या भाषेचं नाव घेतो. पोलीस चक्रावतात. गुप्तहेर ऑग्युस्त द्युपाँ मात्र याच विसंगतीला धरून बसतो: सगळ्यांनाच परका वाटणारा आवाज माणसाचा तरी असेल का? तो निघतो सुटलेल्या ओरांगउटानचा.

एडगर ॲलन पो यांची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा एप्रिल 1841 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये आली. आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात साधारणपणे इथूनच मानतात. त्याआधी दोनच वर्षं, 1839 मध्ये, याच लेखकाने ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ लिहून वाचकाला एका कुजत चाललेल्या वाड्यात कोंडलं होतं. अमेरिकन साहित्याचा अभ्यास करताना भयकथा आणि गुप्तहेरकथा शेजारी ठेवून वाचाव्यात, त्या यासाठी. एकीत भीती माणसाचा ताबा घेते, दुसरीत माणूस त्या भीतीचं कारण शोधायला निघतो.

हा शोध पो यांच्याही आधीचा आहे. चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन यांच्या ‘वीलंड’ या 1798 च्या कादंबरीत दैवी आज्ञा ऐकल्याच्या समजुतीने नायक बायकामुलांना ठार मारतो. पुढे कळतं, की घरात घुमणाऱ्या गूढ आवाजांपैकी काही तरी एका शब्दभ्रमकाराचे होते.

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची भीती तर घरातलीच होती. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे 1692 मध्ये चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली. आरोपींची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हे हॉथॉर्न यांचे खापरपणजोबा होते. ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या 1851 च्या कादंबरीत या इतिहासाची सावली पडली आहे. एका बड्या असामीला गरिबाची जमीन हवी असते. गरिबावर चेटकाचा आळ येतो आणि तो फासावर जाताना शाप देतो. त्या घराण्यातली माणसं पुढे अचानक मरतात. लोक शापाकडे बोट दाखवतात, कादंबरी मात्र पिढीजात आजाराची शक्यताही पुढे ठेवते.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवण्याची प्रथा आजही पुरती संपलेली नाही. गावात कुणी आजारी पडलं, गुरं दगावली, की संशय एखाद्या एकट्या किंवा विधवा बाईवर जातो. कधी त्याच्या मुळाशी जमिनीचा वाद असतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेणं हा गुन्हा ठरवला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भागात जाऊन लोकांशी बोलत आले आहेत. आजार कशाने झाला आणि आळ घेण्यात फायदा कुणाचा, हे दोन प्रश्न इथे एखाद्या बाईचा जीव वाचवू शकतात.

गुप्तहेरकथा आणि भयकथा या दोन्ही वाटा मराठीतही आल्या. कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्समागे द्युपाँ उभा आहे; 1887 च्या पहिल्याच कादंबरीत वॉटसन त्या दोघांची तुलना करतो. आणि बाबूराव अर्नाळकरांचा गुप्तहेर धनंजय होम्सच्या वळणाचा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठीत वाचकांच्या पिढ्या घडवल्या. भयकथेची वाट नारायण धारपांनी रुंद केली. स्टीफन किंग यांच्या ‘इट’वर आधारलेली त्यांची ‘शपथ’ अमेरिकन भय थेट मराठी घरात घेऊन आली.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. इथे इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या मुलामुलींपैकी काहींच्या गावातून सातपुडा दिसतो. त्यांनी ‘रू मॉर्ग’ आणि ‘सेव्हन गेबल्स’ वाचताना धारप-अर्नाळकर शेजारी ठेवावेत, आणि डाकिणीच्या आळाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारावं: पहिला संशय कुणी घेतला, कशावरून घेतला आणि त्या बाईच्या शेताचं पुढे काय झालं?