ऋतुवाचक शब्द आणि पाण्याचे वास्तव : मस्कीच्या मासेमारीच्या निमित्ताने

ऋतुवाचक शब्दाचा प्रतिशब्द दुसऱ्या भाषेत मिळाला, तरी मूळ प्रदेशाचे हवामान त्या प्रतिशब्दात उतरत नाही. इंग्रजीतील ‘ऑटम’ या शब्दास मराठीत ‘शरद’ हा पर्याय रूढ आहे. परंतु आश्विन-कार्तिकातील आपला शरद म्हणजे पावसाळा ओसरल्यावर निवळलेले पाणी, दिवसाचे कडक ऊन आणि रात्रीचे स्वच्छ चांदणे. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘फॉल’ या शब्दासाठी ‘पानगळ’ योजावा, तर आपल्याकडील पानगळ शिशिराशी निगडित आहे. यास्तव अशा शब्दांचा आशय ठरविताना शब्दकोशाबरोबरच त्या शब्दामागील भौतिक घडामोडही पाहावी लागते. प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील मस्की या माशाच्या मासेमारीचे उदाहरण घेऊन ही गोष्ट स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

मस्की हा पाइक कुळातील सर्वांत मोठा मासा होय. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी आणि मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातील जलाशयांत तो आढळतो. विस्कॉन्सिन राज्याने १९५५ मध्ये त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. तो क्वचितच गळाला लागतो. म्हणून ‘दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा मिळणारा मासा’ अशी त्याची ख्याती आहे. त्याच्या ‘मस्कलंज’ या पूर्ण नावाचे मूळ ओजिब्वे भाषेतील ‘माश्किनोझे’ या शब्दात आहे. ‘गिनोझे’ म्हणजे पाइक. पूर्वपदाचा अर्थ कोणी ‘कुरूप’ असा, तर कोणी ‘मोठा’ असा करतात. फ्रेंच भाषकांनी याच नावात ‘लांबट मुखवटा’ या अर्थाचे आपले शब्द पाहिले. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

आता हवामानाकडे वळू. उन्हाळ्यात या प्रदेशातील खोल सरोवरांचे पाणी थरांत विभागले जाते. वर ऊबदार व हलके पाणी, तळाशी थंड व जड पाणी आणि या दोहोंमध्ये ज्यात तापमान झपाट्याने उतरते असा एक अरुंद थर असतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील एडवर्ड बर्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मधल्या थरास ‘थर्मोक्लाइन’ हे नाव दिले. पुढे १९११ मध्ये बर्ज व चॅन्सी जुडे यांनी तेथील सरोवरांत विरघळलेल्या वायूंविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या पाण्यास हवेतून प्राणवायू मिळत राहतो. तळाच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटलेला असल्यामुळे तेथील प्राणवायू कुजणाऱ्या द्रव्यांवर खर्च होऊन घटत जातो.

सप्टेंबरपासून रात्री थंड होऊ लागतात. पृष्ठभागाचे पाणी निवून जड होते व खाली बसते. वारा ते अधिकाधिक खोलवर घुसळतो. वरचे व तळचे तापमान समान होताच थरांतील भेद नाहीसा होऊन सारे सरोवर एकजीव होते. या घटनेस तेथील मासेमार ‘टर्नओव्हर’ म्हणतात. ‘हवापालट’ या रूढ शब्दाच्या धर्तीवर आपण तीस ‘जलपालट’ म्हणू. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, म्हणून जलपालटही त्याच तापमानाला होतो असा एक समज आहे. तो बरोबर नाही. तळाच्या पाण्याचे जे तापमान असेल, तेथवर पृष्ठभाग उतरणे एवढेच त्यासाठी आवश्यक असते; पुष्कळ सरोवरांत ते १० अंशांच्या आसपास घडते. त्यानंतर सारे पाणी मिळून ४ अंशांकडे उतरत जाते आणि त्याहून थंड झालेले हलके पाणी वर राहून अखेर गोठते.

मासेमारीवर याचा परिणाम उघड आहे. उन्हाळ्यात मस्की व त्याचे भक्ष्य यांना तापमान आणि प्राणवायू या दोहोंच्या मर्यादेत राहावे लागते. त्यामुळे त्यांच्या जागांचा काही अंदाज बांधता येतो. जलपालटानंतर ही मर्यादा उरत नाही. मासे कोणत्याही खोलीवर असू शकतात, तळाचा गाळ वर येऊन पाणी गढुळते, पाणवनस्पती कुजू लागतात. अशा वेळी रिकाम्या हाताने परतणारा मासेमार ‘सरोवर पालटले’ असे कारण सांगतो.

येथे शब्दाची मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. ‘जलपालट’ हे नाम एका निश्चित क्षणी घडून संपणारी घटना सूचित करते. प्रत्यक्षात ती कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालणारी प्रक्रिया आहे. उथळ, वाऱ्याने सतत घुसळल्या जाणाऱ्या सरोवरांत टिकाऊ थर पडतच नाहीत. वाहत्या नद्यांतही ते सहसा पडत नाहीत. तेथील अपयशाचे खापर जलपालटावर फोडणे निराधार होय. एकाच आठवड्यात शेजारशेजारच्या दोन सरोवरांची अवस्था भिन्न असू शकते. म्हणून जाणता मासेमार तारखेपेक्षा पाण्यात सोडलेल्या तापमापकावर अधिक विश्वास ठेवतो.

वायुभाराविषयीही असेच म्हणता येईल. थंड हवेची लाट येण्यापूर्वी वायुभार उतरतो, आभाळ भरून येते, वारा वाढतो. या वेळी मस्की आमिषावर धावतो व लाट ओसरून आकाश निरभ्र झाले की मंदावतो, असा मासेमारांचा अनुभव आहे. त्याचे श्रेय ते वायुभारास देतात. परंतु १ मिलिबार वायुभार म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर पाण्याचा भार. २० मिलिबारांचा मोठा फरकसुद्धा मासा वीत-भर वरखाली झाला की भरून निघतो. तेव्हा मंद प्रकाश, लाटा आणि पाण्याचे तापमान ही कारणे अधिक संभाव्य वाटतात. अनुभव खरा आणि त्यास दिलेले नाव मात्र चुकीचे, असा हा प्रकार आहे.

शरदाच्या अखेरीस चित्र पुन्हा स्पष्ट होते. पाणी ४-५ अंशांपर्यंत उतरले की सिस्को हे चरबीयुक्त मासे अंडी घालण्यासाठी खडकाळ उथळ भागाकडे येतात, आणि मोठे मस्की त्यांच्या मागोमाग येतात. वसंतात अंडी घालावयाची असल्यामुळे माद्यांना या दिवसांत पोषण साठवावे लागते. मस्की शीतरक्ताचा असल्यामुळे थंड पाण्यात त्याच्या हालचाली मंदावतात. म्हणून आमिष मोठे व संथ ठेवतात. पकडलेला मासा परत सोडण्याची प्रथा आता सर्वत्र रुजली आहे. उन्हाळ्यातील ऊबदार पाण्यात दमलेला मासा सोडूनही दगावण्याचा संभव अधिक असतो. त्या दृष्टीनेही थंड पाणी हितकर होय.

या साऱ्या स्थित्यंतरास ओजिब्वे भाषेत जी रूपे आहेत, ती अभ्यसनीय आहेत. तीत शरद हे नाम नसून ‘दग्वागिन’ हे क्रियापद आहे. पाणी गोठण्याची क्रिया ‘गश्कदिन’ या क्रियापदाने दर्शविली जाते. आपल्या ‘उजाडते’, ‘सांजावते’ या भावकर्तृक क्रियापदांशी त्यांचे साम्य सहज ध्यानात येईल. अनेक बोलींत ऑक्टोबरचे नाव पाने गळण्यावरून ‘बिनाक्वे-गीझिस’, तर नोव्हेंबरचे नाव पाणी गोठण्यावरून ‘गश्कदिनो-गीझिस’ असे आहे. येथे महिन्याचे नाव सृष्टीच्या अवस्थेवरून आले आहे.

परंतु ती अवस्थाच आता सरकू लागली आहे. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवर केव्हा गोठते व केव्हा वितळते, याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. त्यांवरून बर्फाचा काळ बराच आखूड झाल्याचे दिसते. उन्हाळा लांबला की थर अधिक काळ टिकतात आणि तळाचा प्राणवायू अधिक घटतो. सिस्कोला थंड व प्राणवायुयुक्त अशा दोन्ही प्रकारचे पाणी लागते. वरचे पाणी ऊबदार व खालचे निर्जीव झाले की त्यास जागाच उरत नाही. कित्येक सरोवरांतून तो कमी झाला आहे. सिस्को गेला की शरदाअखेर मस्कीला लाभणारे मुख्य भक्ष्यही जाईल.

शब्द आपल्या जागी राहतात आणि त्यांचे वाच्य सरकते, हा अर्थपरिवर्तनाचा एक कमी चर्चिला गेलेला प्रकार होय. आपल्याकडील मृग, हस्त यांसारख्या पावसाच्या नक्षत्रांची नावे आणि प्रत्यक्ष पर्जन्यमान यांचा संबंध याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे. अशा अभ्यासात शब्दांच्या नोंदीबरोबर पाण्याच्या व पावसाच्या नोंदीही हाताशी ठेवाव्या लागतील.